लष्करी शिलकी टायर आणि शेतावरील वाहनें

शेतकऱ्याच्या घरीं बैलगाडी असो, ट्रॅक्टरची ट्रॉली असो किंवा बांधाबांधानें फिरणारी जुनी जीप असो, त्या वाहनाचा जमिनीशीं संबंध येतो तो वीतभर रुंदीच्या रबरी पट्ट्याच्या द्वारेंच. असें असूनही बैल घेतांना दांत पाहणारा आणि बीं घेतांना उगवण तपासणारा आमचा शेतकरी टायर घेतांना मात्र नुसती जाडी व नक्षी पाहून सौदा पुरा करतो. लष्कराच्या शिलकी मालांतील टायर समोर आला म्हणजे तर हा मोह फारच अनावर होतो. कारण तो दिसावयास भक्कम, नक्षीनें खोल आणि नव्या टायराहून पुष्कळदां स्वस्त असतो. असा टायर शेतकऱ्यानें घ्यावा कीं न घ्यावा, घेतल्यास कोणत्या वाहनास लावावा, आणि तो लावतांना जिवास धोका कोठें असतो, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. भार टायर वाहत नाहीं. भार टायरांतील हवा वाहते. टायर हें केवळ त्या हवेचें भांडें होय. म्हणून हें भांडें किती भारासाठीं घडविलेलें आहे, तें कोणत्या रिमवर बसतें आणि तें किती जुनें झालें आहे, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून त्याची किंमत विचारणें व्यर्थ होय.

पूर्वपीठिका

हवेच्या टायराचा आणि पशूंचा संबंध मुळापासूनचा आहे. इ. स. १८८८ मध्यें ज्यानें या टायराचें पेटंट घेतलें तो जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्ट येथील पशुवैद्य होता. त्याच्या नांवाच्या कंपनीनें १९३६ सालीं बंगाल्यांत साहागंज येथें कारखाना काढला, आणि तेव्हांपासून हें नांव आपल्या खेड्यांत इतकें रुळलें कीं, रबरी चाकांच्या बैलगाडीस लोक 'डनलॉप गाडी' असेंच म्हणूं लागले, मग तिचे टायर कोणत्याहि कारखान्याचे असोत.

ट्रॅक्टरास रबरी चाकें मिळालीं तीहि दुसऱ्या कामाच्या टायरांवर प्रयोग करूनच. अमेरिकेंत अॅलिस-चामर्स कंपनीनें १९३२ च्या सुमारास आपल्या ट्रॅक्टरास विमानाच्या चाकांचे टायर लावून पाहिले. त्यांत हवा भरली ती दर चौरस इंचास अवघी १५ पौंडांच्या आसपास. तोंपर्यंत लोखंडी दांत्यांचें चाकच शेतांत चालेल असा सर्वांचा समज होता. मऊ हवेचें रुंद चाक कमी शक्तींत अधिक ओढतें हें या प्रयोगांत दिसून आलें, आणि थोड्याच वर्षांत लोखंडी चाकें मागें पडलीं.

हाच धडा वाळवंटांतहि मिळाला होता. राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज अधिकाऱ्यानें १९२० ते १९४० या काळांत लिबियाच्या वाळवंटांत मोटारी नेल्या, त्या टायरांतील हवा कमी करून. दुसऱ्या महायुद्धांत 'डक' नांवाच्या अमेरिकन जलस्थल वाहनांत तर चालकास बसल्या जागेवरून हवा कमीअधिक करतां येत असे. पक्क्या रस्त्यावर सुमारे ४० पौंड, तर मऊ वाळूवर दहा-बारा पौंडांपर्यंत. लष्करी वाहन चिखल-वाळूंतून जातें तें केवळ टायराच्या जाडीमुळें नव्हे, तर जमिनीप्रमाणें हवा बदलण्याच्या शिस्तीमुळें, ही गोष्ट शिलकी टायर घेणाराच्या ध्यानांत बहुधा येत नाहीं.

युद्ध १९४५ मध्यें संपलें तेव्हां दोस्त सैन्यांचा प्रचंड माल हिंदुस्थानांतहि उरला होता, व 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आपल्या बाजारपेठांत त्याच वेळीं रूढ झाला. उरलेली जीप शेतीच्या कामीं लावण्याची कल्पना तेव्हां सर्वत्र निघाली. अमेरिकेंत विलीज कंपनीनें १९४५ मध्येंच शेतकऱ्यांसाठीं जीप काढली. इंग्लंडांत मॉरिस विल्क्स याच्या अँगलसी बेटावरील शेतांत अशीच एक युद्धांतील जीप राबत होती. तिच्यावरून सुचलेली लँड-रोव्हर १९४८ मध्यें बाजारांत आली. आजहि निरनिराळ्या देशांचीं सैन्यें आपलीं जुनीं वाहनें व टायर लिलावानें काढीत असतात. तेव्हां प्रश्न जुना असला तरी संपलेला नाहीं.

टायर भार कसा वाहतो

टायर जमिनीवर टेकतो तेव्हां तो थोडा चपटा होतो. चपट्या झालेल्या भागाचें क्षेत्रफळ आणि आंतील हवेचा दाब यांचा गुणाकार हा चाकावरील भाराइतका होईपर्यंत टायर खालीं बसतो. म्हणून भार कायम ठेवून हवा निम्मी केली तर टेकणारी जागा सुमारें दुप्पट होते, आणि मातीवरचा दाब सुमारें निम्मा होतो.

एक उदाहरण घेऊं. भरलेल्या गाडीच्या एका चाकावर ६०० किलो भार आहे असें समजा. टायरांत ८० पौंड हवा असेल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ५.६ किलो, तर टेकण्याची जागा १०७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताहून फार मोठी नव्हे. तीच हवा २५ पौंड केली तर जागा सुमारें ३४० चौरस सेंटिमीटर होईल. पहिलें चाक भुसभुशीत रानांत लोखंडी धावेसारखें चाकोरी पाडीत जाईल, दुसरें वरून तरंगत जाईल. बैलांच्या मानेवर पडणारा जोर यावरून ओळखावा.

परंतु या हिशेबांत एक गृहीत आहे, तें असें कीं टायराच्या बाजू मऊ असून सहज वाकतात. लष्करी टायराच्या बाबतींत हें गृहीत बरेंचसें खोटें ठरतें. त्याच्या बाजू जाड असतात, व हवा काढली तरी त्या स्वतःच्या ताठपणावर कांहीं भार पेलून धरतात. टायर दिसावयास उभा राहतो, पण पसरत नाहीं. म्हणजे ज्या गुणासाठीं मऊ हवा ठेवावयाची तो गुणच मिळत नाहीं.

हें प्रत्यक्ष पाहण्याचा सोपा उपाय आहे. वाहन नेहमींच्या भारानें भरावें, चाक जॅकनें उचलावें, टायराच्या तळास ओला चुना किंवा गेरू लावावा, खालीं फळी ठेवून चाक हळूच टेकवावें व पुन्हां उचलावें. फळीवर उमटलेला ठसा मोजावा. हवा कमी केल्यावर ठसा वाढत नसेल तर तो टायर आपल्या वाहनास फार ताठ आहे असें समजावें.

लष्करी टायराचे विशेष

लष्कराची गरज आणि शेतकऱ्याची गरज कांहीं ठिकाणीं जुळते, कांहीं ठिकाणीं जुळत नाहीं. दगड, कांटे व खुंट यांनीं टायर फाटूं नये ही गरज दोघांची एकच. बाभळीचा कांटा किंवा तुरीचा व पऱ्हाटीचा तिरपा कापलेला खुंट ज्यानें पाहिला आहे त्यास जाड बाजूंचें मोल सांगावयास नको.

नक्षीची गोष्ट वेगळी आहे. महायुद्धांतील अमेरिकन वाहनांच्या टायरांची ठरीव नक्षी दोन्ही दिशांस सारखी असे. एकच टायर डाव्या, उजव्या, पुढच्या, मागच्या अशा कोणत्याहि चाकास चालावा आणि वाहन पुढें जातांना व मागें येतांना सारखी पकड मिळावी, अशी सोय तींत होती. ट्रॅक्टराच्या मागील टायरावर मात्र बाणासारख्या तिरप्या पट्ट्या असतात. चाक फिरूं लागलें कीं त्यांच्यामधील चिखल बाहेर ढकलला जातो. दोन्ही दिशांस सारख्या असलेल्या नक्षींत ही युक्ति नाहीं. आमच्या काळ्या चिकण मातींत तिच्या खांचा बुजतात आणि टायर गुळगुळीत लाट्यासारखा फिरूं लागतो. ओल्या डांबरी रस्त्यावरहि ही नक्षी कमी पकडते. हल्लींच्या लष्करी टायरांत यापेक्षां सुधारलेल्या नक्षी आहेत. तरी खरेदीच्या वेळीं खांचांतून चिखल बाहेर पडावयास वाट आहे कीं नाहीं हें अवश्य पहावें.

शिवाय ओढल्या जाणाऱ्या चाकास, म्हणजे बैलगाडीच्या व ट्रॉलीच्या चाकास, पकडीची गरज जवळजवळ नसते. तें चाक जमिनीस ढकलीत नाहीं. तें नुसतें गडगडत जातें. त्यास खोल नक्षी म्हणजे चिखलाचें ओझें. तेव्हां अशा वाहनासाठीं नक्षीचे पैसे मोजूं नयेत. टायराचा सांगाडा निर्दोष आहे कीं नाहीं याचेच मोजावे.

कोणत्या वाहनास कोणता टायर

ट्रॉलीस शिलकी टायर सर्वांत चांगला जुळतो. ९.००-२० हें माप लष्करी ट्रकांतहि चालत आलेलें आहे आणि आपल्या मालट्रकांत व ट्रॉलींतहि. भार जवळजवळ तोच, रिम तीच, आणि वेग कमी. मात्र एका आंसाच्या दोन्ही चाकांचे टायर एकाच मापाचे, एकाच उंचीचे व एकाच बांधणीचे असावेत.

बैलगाडीस हाच टायर लावतां येतो, पण भार फार कमी असल्यामुळें तो ताठ राहतो. येथें हलक्या वाहनाचा टायर अधिक बरा. टायर, ट्यूब व रिम यांचें वजन तराजूवर घालून पहावें. बैलांस तें वजन रिकाम्या गाडींतहि रोज ओढावयाचें असतें. रबरी चाक सहज गडगडतें म्हणून उतारावर गाडी बैलांच्या अंगावर येते. तेव्हां ब्रेकावांचून अशी गाडी उताराच्या वाटेनें नेऊं नये. जनावरांच्या ओझ्याविषयींच्या १९६५ च्या सरकारी नियमांत हवेच्या टायरांच्या गाडीस लोखंडी धावेच्या गाडीपेक्षां अधिक भार मान्य केलेला आहे. परंतु ही सवलत सुलभ चालीबद्दल आहे, बैलांचें बळ वाढलें म्हणून नव्हे.

जीपेच्या बाबतींत सर्वांत अधिक सावधगिरी पाहिजे, कारण येथें हौस हिशेबावर मात करते. युद्धांतील जीपेचें रिकामें वजन सुमारें १,१०० किलो, व तिचा टायर ६.००-१६ मापाचा, उंची सुमारें २८ इंच. उलट अमेरिकन सैन्याच्या 'हमव्ही' वाहनाचें भरलेलें वजन सुमारें ३,५०० किलो, म्हणजे एका चाकावर पावणेनऊशें किलोंच्या आसपास. आणि त्याचा टायर ३६-३७ इंच उंच. हा टायर जीपेसारख्या हलक्या गाडीस लावला तर तो वाकत नाहीं, उसळतो. उंची २८ वरून ३६ झाली म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यांत अंतर सुमारें २८ टक्के अधिक कापलें जातें. काटा ताशीं ४० दाखवील तेव्हां खरा वेग ५१ असेल. ओढण्याची शक्ति पांचव्या हिश्शाहून अधिक घटते, ब्रेकांचा जोर तितकाच कमी पडतो, आणि आंस, बेअरिंगें व सुकाणूचे सांधे यांवर ताण येतो. मूळच्या मापाचा, किंवा त्याहून एखादा इंच मोठा, हलक्या लष्करी गाडीचा टायर मात्र जीपेस उत्तम काम देतो. सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांत नोंदणीविरुद्ध फेरबदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाचा प्रतिबंध आहे, हेंहि विसरूं नये.

घेतांना काय तपासावें

(१) वय. टायर न वापरतांहि म्हातारा होतो. हवेंतील प्राणवायु, ओझोन, ऊन व उष्णता यांनीं रबर कडक होत जातें. गोदामांत पडून राहिलेला 'कोरा' टायर पंधरा-वीस वर्षांचा असूं शकतो. बाजूवर छापलेल्या अंकांत शेवटचे चार अंक आठवडा व वर्ष दाखवितात. ३२१४ म्हणजे २०१४ सालचा ३२ वा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर २००० सालापूर्वींचा समजावा व रस्त्यावरील वाहनास घेऊंच नये. टायर कितीहि चांगला दिसला तरी १० वर्षांनंतर बदलावा असा कांहीं नामांकित कारखानदारांचा सल्ला आहे.

(२) भेगा व फुगे. खांचांच्या तळाशीं व बाजूवर अंगठ्यानें दाबून पहावें. बारीक भेगांतून आंतील दोरा दिसल्यास, किंवा बाजूवर फुगा असल्यास, फुकट मिळाला तरी घेऊं नये.

(३) आंतली बाजू. हवेवांचून चाललेल्या टायराच्या आंत गोल काळपट घासलेला पट्टा किंवा रबराचा चुरा आढळतो. असा टायर बाहेरून नवा दिसतो, पण त्याचा सांगाडा मोडलेला असतो.

(४) कांठ. रिमवर बसणाऱ्या कांठांत पोलादी तारा असतात. पहारीनें उचकटून काढलेल्या टायरांत या तारा वाकलेल्या किंवा उघड्या पडलेल्या असतात.

(५) भाराचा व वेगाचा अंक. १०० हा अंक ८०० किलो, १२१ हा १,४५० किलो, १५० हा ३,३५० किलो भार दाखवितो. पुढील अक्षर वेगाचें. एफ म्हणजे ताशीं ८० किलोमीटर, जे म्हणजे १००. लष्करी टायरांची वेगमर्यादा पुष्कळदां कमी असते.

(६) रिमचें माप. १६ इंची व १६.५ इंची अशीं दोन मापें लष्करी व खासगी वाहनांत आढळतात. अर्धा इंच म्हणजे कांहींच नव्हे असें वाटतें. परंतु १६ इंची टायर १६.५ च्या रिमवर बसवूं गेल्यास कांठ जागेवर बसत नाहीं, आणि बसविण्याच्या हट्टानें हवा वाढवीत गेलें कीं कांठाच्या तारा तुटून टायर फुटतो. माणसें मेलीं आहेत तीं अशाच हट्टानें.

बसवितांना जिवाचा धोका

हा भाग आम्ही वाचकांनीं दोनदां वाचावा अशी विनंति करतों. ट्रकाच्या रिमेस पुष्कळदां एक सुटी लोखंडी कडी असते, जी टायरास रिमवर धरून ठेवते. टायरांत ८० पौंड हवा भरली म्हणजे या कडीवर पडणारा जोर शेरांत किंवा मणांत नव्हे, टनांत मोजावा लागतो. कडी गंजलेली, वाकलेली किंवा नीट न बसलेली असेल तर ती तोफगोळ्यासारखी सुटते. अमेरिकेंत अशा अपघातांमुळें १९८० मध्यें या कामासाठीं स्वतंत्र सरकारी नियम करावे लागले. त्यांतील सार आपणहि पाळावें. काढण्यापूर्वीं व्हॉल्व्हची सुई काढून सर्व हवा जाऊं द्यावी. दोन निरनिराळ्या रिमांच्या कड्या अदलाबदल करूं नयेत. हवा भरतांना चाक लोखंडी पिंजऱ्यांत ठेवावें, नळी लांब व चिमट्याची असावी, आणि कोणीहि कडीच्या समोर उभें राहूं नये. हवा असलेल्या चाकाच्या कडीवर हातोडा मारूं नये. टायर चढविलेल्या रिमेस वेल्डिंग तर कधींच करूं नये. उष्णतेनें आंत वायु तयार होऊन स्फोट होतो.

कांहीं लष्करी चाकें दोन भागांचीं असून बोल्टांनीं जोडलेलीं असतात, व आंत टायर पंक्चर झाला तरी चालावें म्हणून रबराचा किंवा धातूचा आधार असतो. या चाकाचे बोल्ट हवा असतांना सैल केले तर परिणाम तोच. ज्यास या कामाची माहिती नाहीं त्यानें तें गांवच्या पंक्चरवाल्याकडूनहि करवूं नये. ट्रकाच्या टायरांचें काम करणाऱ्या व पिंजरा असलेल्या दुकानींच न्यावें.

हवा व वाफसा

टायर बसल्यावर हवा किती ठेवावी हें कारखानदाराच्या कोष्टकावरून आपल्या भारास अनुसरून ठरवावें, आणि दाबमापक घरींच ठेवावा. लाथ मारून हवा पाहण्याची रीत ताठ बाजूंच्या टायरास अगदींच फसवी आहे. शेतांत हवा उतरविली तर डांबरी रस्त्यास लागण्यापूर्वीं ती पुन्हां भरावी, नाहींतर बाजू वारंवार वाकून तापतात व दोरे सुटतात. ट्यूबच्या टायरांत हवा फार कमी झाली कीं टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो.

मऊ हवेनें वरची माती वाचते, परंतु खोलवर जाणारा दाब हा मुख्यतः आंसावरच्या एकंदर भाराचा असतो. तेव्हां कितीहि रुंद टायर असला तरी वाफसा नसतांना भरलेली ट्रॉली काळ्या रानांत घालणें म्हणजे पुढील हंगामाच्या मुळ्यांच्या वाटेंत भिंत बांधणें होय. माल बांधापर्यंत डोक्यावरून किंवा हलक्या गाडीनें आणून तेथें ट्रॉली भरावी.

तात्पर्य

लष्करी शिलकी टायर वाईट नाहीं व सर्वांस चांगलाहि नाहीं. भार जुळत असेल, रिम जुळत असेल आणि वय कमी असेल तर तो ट्रॉलीस व मूळ मापाच्या जीपेस अनेक वर्षें इमानानें सेवा देईल. यांपैकीं एक गोष्ट जरी न जुळली तरी त्याची स्वस्ताई आंसाच्या दुरुस्तींत, बैलांच्या खांद्यांत किंवा दाबलेल्या मातींत पुरेपूर वसूल होते; आणि रिम न जुळली तर ती वसुली माणसाच्या जिवापर्यंत पोहोंचते. म्हणून लिलावास जातांना पैशांबरोबर मोजपट्टी, आपल्या रिमचें माप लिहिलेला कागद आणि आपल्या वाहनाच्या एका चाकावरील भाराचा आंकडा, या तीन वस्तू खिशांत असाव्यात अशी आमची सर्व वाचकांस आग्रहाची सूचना आहे.